ग्लेनिसचा डेझमंड

पॅरीसरांचा फोन आला तेव्हा मी बस स्टँडसमोरच्या बेकरीत रांगेत उभा होतो आणि माझ्यापुढे फक्त एक बाई उरली होती. खरं तर सकाळी फोन मीच केला होता, वेल्समधल्या त्यांच्या वृद्धाश्रमात. ते अंघोळीला गेलेत, मग करतील, असं तिथल्या मुलीनं सांगितलं होतं. काम काही मोठं नव्हतं. ग्लेनिस होलरॉइड आज पाणी कंपनीतून निवृत्त होणार, पाच वाजता तिचा निरोपसमारंभ, भाषण माझं. आणि छत्तीस वर्षांपूर्वी जिनं तोंडी परीक्षेत तोंडाची टकळी थांबवली नाही, तिची ती परीक्षा घेणाऱ्या म्हाताऱ्याचं एखादं वाक्य हाताशी लागलं तर भाषणाला बहार येईल, एवढंच माझ्या मनात. म्हणून मी रांगेतूनच मोठ्या आवाजात सुरुवात केली, “सर, ग्लेनिस आठवते ना? चाळीस मिनिटं बोलली होती तुमच्यापुढे, आणि तरी...” “तरी काय?” ते म्हणाले. “तरी खालचा दुसरा वर्गच. सीमेवर होती बिचारी, आणि बोलून बोलून वर जायची संधी घालवली.” पलीकडे पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, “सगडन, बाळ, ती सीमेवर नव्हतीच. सीमेवर तू होतास.” पुढची बाई पिशवी उचलून बाजूला झाली आणि काउंटरवरची बाई मला विचारत होती, काय देऊ राजा, गरम की गार, आणि मला काय हवं होतं तेच आठवेना.

फोन कानाला तसाच धरून, काही न घेता मी बाहेर आलो. बस स्टँडच्या बाकावर बसलो. बस सव्वाचारची होती, म्हणजे अजून पाऊण तास होता. कोटाच्या खिशात भाषणाचे दोन कागद होते आणि ते छातीला टोचत होते. खरं तर कागदांची गरजही नव्हती. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिच्या लग्नात सांगितली, तेव्हा तिचा ट्रेव्हर हसता हसता केकवर पडायचा राहिला. आमच्या बॅचच्या दर स्नेहसंमेलनात सांगितली. मी प्राध्यापक झालो तेव्हाच्या जाहीर व्याख्यानात सांगितली, कुलगुरू पहिल्या रांगेत आणि ग्लेनिस तिसऱ्या रांगेत, निळ्या स्वेटरमध्ये, सगळ्यांच्या आधी हसणारी. ते हसणं आता मला आठवायचं नव्हतं. कारण तेवढ्या वेळात पॅरीसरांनी मला सगळं सांगून टाकलं होतं. सावकाश, मधेमधे पाणी पीत, एकदा कुणाला तरी खिडकी लावायला सांगत. आणि सगळं सांगून झाल्यावर विचारलं होतं, “तुला माहीत नव्हतं? मला वाटलं एव्हाना तिनं सांगितलं असेल.”

आमच्या काळी निकाल सरळ तोंडानं सांगायचा नाही अशी रीतच होती. कुणी विचारलं, तर माणसाचं नाव सांगायचं, जणू पाहुणा उतरलाय घरी. पहिला वर्ग म्हणजे जेफ. सहासष्टच्या विश्वचषकात तीन गोल मारणारा तो गडी, त्याचं आडनाव फर्स्टला जुळतं म्हणून. वरचा दुसरा, कागदावर टू-वन, तो अटिला, हूणांचा राजा, कारण इंग्रजीत त्याच्या नावापुढचं ‘द हन’ टू-वनसारखं ऐकू येतं. तिसरा तो डग्लस, तेव्हाच्या गृहमंत्र्यांवरून, त्यांचं आडनाव थर्डला जुळतं म्हणून. आणि खालचा दुसरा, टू-टू, तो डेझमंड, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या डेझमंड नावाच्या एका थोर आर्चबिशपांचं आडनाव उच्चारलं की दोनदा टूच ऐकू येतं. त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार, की इथल्या पबांमधून दर जूनमध्ये त्यांच्या नावानं ग्लास भिडतात. आज मला वाटतं, ही नावं ज्यानं कुणी काढली त्याचे पाय धरावेत. ‘मला खालचा दुसरा मिळाला’ म्हणताना पोराचा आवाज बसायचा. ‘मला डेझमंड मिळाला’ म्हणताना तोच पोरगा सगळ्यांसाठी बिअर मागवायचा. लाज होती तिथेच असायची, पण तिच्या अंगावर कोट आणि डोक्यावर टोपी चढवलेली असायची, तिच्याबरोबर उठता-बसता यायचं. जेफवाले मात्र नाव घेत नसत. ते नुसते कोपऱ्यात उभे राहून सगळ्यांना विचारत, आणि तुझं काय? असो. थट्टेखाली एक गोष्ट मात्र पक्की होती. अटिला असला तर संशोधनाचं दार उघडं, शिष्यवृत्ती, मग पुढे नोकरी. डेझमंड असला तर ते दार बंद, आणि ते सहसा पुन्हा उघडत नसे. दोन्हींच्या मधली रेघ साठ गुणांची होती. मला अठ्ठावन्न पॉइंट सहा होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण अंदाज होता, कारण पिवळ्या कागदावर माझं नाव होतं.

पिवळा कागद निकालाच्या चार दिवस आधी लागायचा, भूशास्त्र विभागाच्या जिन्यापाशी, काचेच्या पेटीत. तोंडी परीक्षेला ज्यांना बोलावलंय त्यांची नावं. सीमेवरच्यांना बोलावतात हे सगळ्यांना माहीत. बाहेरचे परीक्षक येतात, दगड पुढे ठेवतात, विचारतात, आणि वाटलं तर वर ढकलतात. खाली ढकलण्याचा त्यांना अधिकार नसतो. त्या वर्षी पाच नावं होती. फिलिपा, जेराल्ड, केन्योन म्हणून एक लाजाळू मुलगा, मी, आणि सगळ्यांत वर ग्लेनिस. ग्लेनिसचं नाव पाहून आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण ती पेपरात कधीच धड लिहायची नाही. म्हणजे लिहायची, पण चारपैकी दोनच प्रश्न. पहिल्याच प्रश्नात तिला काहीतरी सापडायचं आणि ती त्याच्या मागे नऊ पानं जायची. मी तिला म्हणालोसुद्धा, “बाई, तू सीमेवर म्हणजे चमत्कारच.” ती म्हणाली, “मलाही कळत नाही रे. कुणाची तरी बेरीज चुकली असेल.” तिचे वडील टॉडमर्डनला गिरणीत मेकॅनिक होते, तिचे हात त्यांच्यासारखे, रुंद, आणि त्या हातांत हातोडा असला की ती डोंगराच्या कड्याशी अशी बोलायची जशी आपण शेजारणीशी बोलतो. मी नकाशे सुरेख काढायचो. रंग बाहेर जायचे नाहीत.

त्या दिवशी ती पहिली आत गेली आणि बाहेरच येईना. आम्ही चौघं कॉरिडॉरमध्ये लाकडी बाकावर. पंधरा मिनिटांची परीक्षा. वीस झाली, पंचवीस झाली. जेराल्ड म्हणाला, मारतायत तिला आत. तिसाव्या मिनिटाला आतून पॅरीसरांचं हसणं ऐकू आलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. ग्लेनिसचे कान लाल, बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “मस्त दगड आहे. घाबरू नका.” एवढंच म्हणून ती जिना उतरून गेली. मग आम्ही एकेक आत गेलो. चार दिवसांनी यादी लागली. आम्हा चौघांना अटिला, एकजात चौघांना, आणि ग्लेनिसला डेझमंड. त्या दिवशी पबात टेबलावर उभं राहून मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. चाळीस मिनिटं बोलली हो, चाळीस मिनिटं, आणि तरी डेझमंड! त्याच दिवशी मी तिला डेझ म्हणायला लागलो. वर्गात आणखी एकोणीस जणांना डेझमंड होता, पण नाव चिकटलं ते तिलाच, आणि ते चिकटवणारा मी. आजही पाणी कंपनीतली माणसं तिला डेझ म्हणतात. पाट्यांवर, कपांवर, तिच्या टोपीवरसुद्धा तेच लिहिलेलं.

पॅरीसर म्हणाले ते असं. त्या काळी ते कुठेही परीक्षक म्हणून गेले, की सीमेवरच्या मुलांबरोबर एक खात्रीचा विद्यार्थीही बोलावून घेत, ज्याच्या वर्गाबद्दल शंकाच नाही असा. वाण्यानं काटा नीट आहे का ते बघायला आधी माप ठेवून पाहावं, तसं. या विभागात खालच्या दुसऱ्याचा विद्यार्थी कसा असतो ते एकदा कळलं, की मग सीमेवरच्यांना जोखता येतं. ते माप म्हणजे ग्लेनिस. तिला चोपन्न गुण होते, ती हलणारच नव्हती. वर जायची मुभाच नियमात नव्हती. “पण मला फसवणं आवडत नाही,” पॅरीसर म्हणाले. “ती बसल्याबरोबर मी तिला सांगितलं. मुली, यातून तुला काही मिळणार नाही. तुझा वर्ग ठरलाय. तुला मी फक्त बाकीच्यांचं माप म्हणून बोलावलंय. तुला उठून जायचं असेल तर जा, मी काही म्हणणार नाही.” तिनं विचारलं, “बाकीचे म्हणजे बाहेर बसलेत ते?” ते म्हणाले, ते मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, “पिवळ्या कागदावर पाच नावं आहेत सर, मला मोजता येतं.” मग तिनं विचारलं, मी वाईट बोलले तर त्यांचा फायदा का? “मी म्हटलं, उलट. इथला ठरलेला खालचा दुसराच जर उत्तम निघाला, तर मी म्हणेन इथले लोक गुण देताना कंजूष आहेत, आणि सीमेवरच्यांना वर घेईन. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या वर केल्या आणि म्हणाली, द्या तो दगड इकडे.”

बस आली. मी वरच्या मजल्यावर पुढे जाऊन बसलो, लहान मुलं बसतात तिथे. शहर संपून भिंती सुरू झाल्या, काळ्या दगडांच्या, मेंढ्यांच्या शेतांमधून वर चढणाऱ्या. माझ्या कानात म्हाताऱ्याचा आवाज चालूच होता, आणि त्या आवाजात इतक्या वर्षांनीही जे कौतुक होतं ते मला सहन होत नव्हतं. तिनं दगड हातात घेतला, चाटून पाहिला, खिडकीपाशी नेला. म्हणाली, हा उलटा ठेवलाय तुम्ही. भरड कण वर आणि बारीक खाली, म्हणजे थर उलटा. मग खालच्या बाजूच्या खुणांवरून प्रवाह कुठून कुठे गेला ते सांगितलं. मग म्हणाली, हा कड्यातून काढलेला नाही, किनाऱ्यावरून उचललाय, हा कोपरा समुद्रानं घासलाय, आणि ज्यानं उचलला त्याला वाकायला त्रास होत असणार, कारण जवळ याहून चांगले पडलेले असतात. पॅरीसर हसले ते तेव्हा. त्यांची कंबर धरलेली होती. “मी तीस वर्षं परीक्षा घेतल्या, सगडन. ज्याला काही मिळायचं आहे असा माणूस चांगला बोलतो, त्यात काय. जिला काहीच मिळायचं नाही ती चाळीस मिनिटं अशी बोलली. मी परीक्षकांच्या बैठकीत सरळ सांगितलं, ही जर तुमची खालची दुसरी असेल, तर बाकीचे चौघे डोळे मिटून वर. क्रॉसली म्हणून तुमचा एक प्राध्यापक होता, तो तिच्यासाठी अडून बसेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. बरोबरच होतं त्याचं. मला ते अजून लागतं.”

मला काय काय मिळालं त्या अटिलातून? मनात यादी करायची नव्हती, पण ती होत राहिली. शिष्यवृत्ती, प्रबंध, नॉर्वेतली दोन वर्षं, तिथं भेटलेली माझी बायको, प्राध्यापकाची खुर्ची, माझ्या नावाची पाटी असलेली खोली, खोलीतला तो गालिचा. आणि एवढं सगळं घेऊन मी दर दोन वर्षांनी एक ग्लास हातात धरून तिच्या समोर उभा राहायचो आणि तिच्या डेझमंडवर लोकांना हसवायचो. वर मला वाटायचं मी तिच्यावर माया करतो. करायचोही. पण त्या मायेत वरून खाली पाहणं होतं, हे आज बसच्या काचेत माझाच चेहरा बघताना लपवता येईना. नव्याण्णव साली हॉक्सक्लफच्या धरणावर तिनं जे केलं ते मला माहीत होतं, म्हणजे मी वाचलं होतं, तिच्या तोंडून नाही. धरणाच्या पायथ्याशी निचऱ्याच्या पाइपातून येणारं पाणी किंचित गढूळ दिसलं, चहात दुधाचा थेंब पडावा इतपत, आणि तिनं वरिष्ठांना न विचारता तलाव खाली करायला लावला. खालच्या गावातल्या लोकांनी आठ दिवस तिला शिव्या दिल्या, त्यांच्या होड्यांची शर्यत बुडाली होती. मग भरावात खोदून पाहिलं तर आत माणूस वाकून उभा राहील एवढी पोकळी. काही घडलं नाही, म्हणून बातमीही झाली नाही. मी तेव्हा तिला फोन करून म्हणालो होतो, “वा, डेझमंडनं गाव वाचवलं!” आणि ती हसली होती. तेव्हाही हसली होती! मला बसमध्ये इतका संताप आला स्वतःचा, की मी खिशातले दोन्ही कागद काढून चुरगळले आणि शेजारच्या सीटवर टाकले. मग ड्रायव्हर काय म्हणेल म्हणून उचलून परत खिशात ठेवले. आणि मनाशी ठरवून टाकलं. आज खरं सांगायचं. सगळ्यांसमोर उभं राहून, नावं घेऊन, माझं नाव आधी. ठरवल्याबरोबर मला इतकं हलकं वाटलं, की मला भूक लागली.

क्रिकेट क्लबच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. लांब टेबलावर डुकराचं मांस भरलेले पोर्क पाय, लोणच्यातले कांदे, कापलेली सँडविचेस, चहाचं मोठं भांडं. भिंतीवर कुणीतरी कागदी अक्षरं चिकटवली होती, डेझला निरोप. ग्लेनिस दारापाशीच भेटली, जाड, पांढरे केस कापलेले, पायांत कामाचेच बूट. “आलास? उपाशी दिसतोयस. आधी खा, मग बोल. तुझी गोष्ट लांबते.” मी तिला बाजूला, चहाच्या भांड्यामागे नेलं.

“मी आज पॅरीसरांशी बोललो.”

“पॅरी? अजून आहे म्हातारा?” तिचा चेहरा खुलला. “बरा आहे? दात काय म्हणतात?”

“कुठले दात?”

“त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. गाल धरून बसले होते बिचारे. मी लवंग देऊ का विचारलं होतं.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. “बोलला वाटतं म्हातारा.”

“तुला सगळं माहीत होतं,” मी म्हणालो. “छत्तीस वर्षं मी तुझी थट्टा करतोय आणि तू हसत बसतेस. का? एकदा तरी थोबाडीत द्यायचीस.”

“विनोद चांगला आहे रे. आणि तू सांगतोसही छान. सुरुवातीला जरा पाल्हाळ लावतोस, एवढंच.”

“ग्लेनिस, तू आमच्यासाठी...”

“तुमच्यासाठी? स्वतःला कोण समजतोस! क्रॉसली कोपऱ्यात बसला होता, नखं कोरत. माझ्या नकाशाला बावन्न दिले होते त्यानं, रंग बाहेर गेले म्हणून. म्हटलं, बघ आता.” भांड्याचा नळ ठिबकत होता, तो तिनं बोटानं घट्ट केला. “आणि तुम्ही चौघं बाहेर होतात, हेही खरं. फिलिपाची आई आजारी. केन्योन तर रडायलाच आलेला. आणि तुला तर पुस्तकाशिवाय दुसरं काही करताच आलं नसतं, उपाशी मेला असतास. माझं काय जात होतं? माझं तर ठरलेलंच होतं. शिवाय दगड खरंच मस्त होता.”

“ते सगळं तुझं व्हायला हवं होतं.”

“काय? तुझी खुर्ची? त्या मीटिंगा? नको रे बाबा.”

मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, आणि चहाच्या भांड्यामागे जागा अगदी थोडी होती. मी म्हणालो, “मी आज खरं सांगणार आहे. सगळ्यांना. ठरवलंय मी.”

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. मी तिला रागावलेली क्वचितच पाहिली आहे. “खबरदार,” ती म्हणाली. “एक अक्षर काढायचं नाही.”

“पण का?”

“तिकडे बघ.” हॉलच्या मागच्या भिंतीशी सात-आठ तरुण पोरंपोरी बसली होती, कंपनीची निळी जॅकेटं घातलेली, प्लेटा भरभरून. “ही माझी. दरवर्षी दोन-तीन घेते मी. जेफवाले आमच्याकडे येत नाहीत आणि आले तर टिकत नाहीत. ही सगळी डेझमंड आहेत. एखादा डग्लस. पहिल्या दिवशी येतात तेव्हा मान अशी खाली, जणू चोरी करून आलीत. अर्जात वर्ग बारीक अक्षरात लिहितात. मी त्यांना गाडीत घालून धरणावर नेते आणि वाटेत तुझी गोष्ट सांगते. चाळीस मिनिटं बोलले, पोरांनो, आणि तरी डेझमंड. हसतात. मग मान वर होते. मग काम शिकतात.” तिनं माझ्या कोटाचं बटण धरलं, लहान मुलाचं धरावं तसं. “आता तू उठून सांगणार, की डेझ खरी डेझमंड नव्हतीच, आतून मोठी हुशार होती, तिच्यावर अन्याय झाला. म्हणजे मग ती पोरं काय राहिली? ती एकटीच उरली ना खरी डेझमंड?”

मी त्या पोरांकडे पाहिलं.

“आणि ते खरंही नाही,” ती म्हणाली. “मी डेझमंडच आहे, क्लाइव्ह. चोपन्न. चारातले दोनच प्रश्न लिहिले मी, कुणी हात धरला नव्हता.”

“आणि मी? मी काय करू याचं?”

“सांभाळ. इतकी वर्षं मी सांभाळलं, आता थोडं तू. जा, लोक वाट बघतायत. आणि पाल्हाळ लावू नकोस.”

डेरिक नावाच्या कुणी साहेबानं कपावर चमचा वाजवला आणि माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. समोर सगळे चेहरे आधीच हसायच्या तयारीत. ही गोष्ट त्यांना पाठ होती, तिच्याकडून ऐकून ऐकून, म्हणजे माझीच गोष्ट माझ्या आधी इथं येऊन पोहोचली होती आणि इथं त्या गोष्टीनं काम केलं होतं, जे माझ्या तोंडून तिनं कधी केलं नाही. मी सुरुवात केली. पिवळा कागद, पाच नावं, लाकडी बाक. प्रत्येक वाक्याखाली आता दुसरं वाक्य होतं आणि ते दाबून धरून वरचं बोलायचं, हे किती अवघड असतं ते मला कळत होतं. आणि ग्लेनिस हे हसत हसत करत आली होती, निळ्या स्वेटरमध्ये, तिसऱ्या रांगेत, लग्नाच्या केकशेजारी. माझ्या ओळखीत इतकं मोठं माणूस दुसरं नाही, असं मला वाटलं, आणि ते म्हणायची सोय नव्हती. मी पाल्हाळ लावला नाही. दार उघडलं, तिचे कान लाल होते, इथपर्यंत आलो. “चाळीस मिनिटं!” मी म्हणालो. इथे मी नेहमी थांबतो, लोकांनी ओठ दाबावेत म्हणून. आज थांबलो आणि पुढे आवाजच फुटेना. कुणी तरी म्हणालं, अरे बिचारा. निरोपाचा प्रसंग, त्यांना वाटलं, म्हातारा हळवा झालाय.

ग्लेनिस उठली. चहाचा कप उंच धरला आणि खणखणीत आवाजात माझं वाक्य पुरं केलं, “आणि तरी डेझमंड!”

हॉल दणाणला. मागच्या भिंतीशी पोरं टेबल बडवायला लागली, आणि त्यांतली एक किरकोळ मुलगी, तोंडात अजून घास होता, ती खुर्चीवर चढून ओरडली, “मी पण!” तिच्या शेजारचा उठला, “मी पण!” मग आणखी एक, मग तो डेरिकसाहेबही लाजत हात वर करून, “मी पण.” मी उभाच होतो. हात आपोआप वर गेला.

“मी पण,” मी म्हणालो.

सगळे आणखी मोठ्यानं हसले. प्राध्यापक सगडन, काय वाटेल ते बोलतात. हसली नाही ती फक्त ग्लेनिस.